लॉरा १.८ टीएसआयचा ब्रीदर व्हॉल्व्ह बदलला: पार्टला चार स्टार, स्मोक टेस्टला पाच

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं पुराण वाचायला नको. ब्रीदर व्हॉल्व्ह (इंजिनात साचणारा गॅस परत जाळायला सोडणारा भाग) बदलून गाडी सुधारली हे खरं, पण बिलातली सगळ्यात वसूल झालेली ओळ विचाराल तर ती स्मोक टेस्टची, म्हणजे धूर सोडून गळती शोधण्याची. व्हॉल्व्ह कोणीही बदलेल हो, स्क्रू काढायचे नि लावायचे. पण तोच गेलाय हे ठामपणे सांगणारा माणूस शोधायला जी पायपीट झाली त्याला तोड नाही.

गाडी २०११ची स्कोडा लॉरा, १.८ टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल, मॅन्युअल, संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या प्लांटमधून निघालेली. १६० पीएसचं इंजिन, अजूनही एक्सप्रेसवेवर तिसऱ्या गिअरमध्ये दाबली की अंगावर येते, त्यामुळे घरच्यांनी कितीही सांगितलं तरी विकायची नाही हे ठरलेलं आहे. पण जुन्या टर्बो गाडीचं एक आहे, रबर आणि प्लास्टिक म्हातारं होतं. इतकी वर्षं गरम तेलाच्या वाफेत राहून एखादं पातळ रबर फाटलं तर त्यात कंपनीला शिव्या घालण्यात काही अर्थ नाही, ते होणारच.

त्रास काय होता ते सांगतो. सिग्नलला उभी असली की आयडल (उभ्या गाडीत इंजिनाचा वेग) वरखाली, मधेच मिसिंग मारल्यासारखा हलका झटका, आणि बॉनेटखालून बारीक सूं असा आवाज, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो ना तसा. अ‍ॅक्सिलरेटर दिला की आवाज गायब, सोडला की परत सुरू. चेक इंजिनचा लाईट दोन दिवस लागायचा, चार दिवस जायचा. आणि ऑईल. आधी दोन सर्व्हिसच्या मधे एखादा लिटर टाकावा लागायचा, तो आकडा वाढत चालला होता. पिकअप मात्र ठणठणीत, आणि इथेच खरं म्हणजे कोणालाही संशय यायला हवा होता, कारण टर्बो किंवा पिस्टनच्या रिंगा गेलेली गाडी अशी पळत नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये (नाव घेत नाही, चांगली माणसं आहेत, पण त्यांचा हात डिझेलवर बसलेला) मेकॅनिक मामांनी इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण उघडलं, इंजिन थडथडलं, थोडी वाफ आली, आणि निकाल लागला: "बॅक कम्प्रेशन मारतंय साहेब, रिंगा गेल्या, इंजिन काम निघणार." दुसऱ्या ठिकाणी टर्बोच्या पाईपात ऑईल दिसलं म्हणून टर्बोवर बोट ठेवलं. दोन्हीकडे जो खर्च सांगितला त्यात चांगली सेकंडहँड स्कूटर आली असती. स्कॅनर दोघांनी लावला पण कोड वाचून क्लिअर करण्यापलीकडे कोणी गेलं नाही.

आता हे झाकण उघडून बघायचं प्रकरण जरा नीट समजून घ्या, कारण टीएसआयवाल्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. कुठल्याही इंजिनात, अगदी शोरूममधून निघालेल्या सुद्धा, थोडा जळका गॅस रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी, जिथे ऑईल असतं) उतरतोच. तो फार वाढला की त्यालाच बॅक कम्प्रेशन म्हणतात. तो बाहेर काढला नाही तर खाली दाब तयार होतो आणि सीलमधून ऑईल फेकायला लागतं. जुन्या ट्रक-ट्रॅक्टरला यासाठी सरळ एक ब्रीदरचा पाईप खाली सोडलेला असायचा, जिथे उभा तिथे काळा डाग. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९६१च्या मॉडेलपासून हा गॅस परत इंजिनातच जाळायला लावला आणि तिथून पीसीव्ही, म्हणजे हा गॅस परत ओढून घेणारी व्यवस्था, सगळीकडे आली. तर जुन्या डिझेलवर झाकण उलटं ठेवलं आणि ते नाचायला लागलं की रिंगा गेल्या, ही टेस्ट बरोबर आहे, पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. पण टीएसआयमध्ये आयडलला इंजिन स्वतःच तो गॅस ओढून घेत असतं, म्हणजे चेंबरमध्ये दाब नसून हलकं व्हॅक्यूम असतं. झाकण उघडलं की तिथून फुकटची, मोजमाप नसलेली हवा आत घुसते आणि इंजिन थडथडतं. धडधाकट इंजिन सुद्धा थडथडतं! त्याचा रिंगांशी काही संबंध नाही. बघायचं असतं ते हे की झाकण किती जोरात चिकटून बसलंय. माझं इतकं घट्ट बसलं होतं की उचलताना हाताला ओढ जाणवायची आणि सुटताना फस्स करून आवाज यायचा. म्हणजे बॅक कम्प्रेशनच्या बरोबर उलटं. मामांनी झाकण ओढून काढलं तेव्हा ते एवढं जड का निघालं हा प्रश्न त्यांना पडला नाही आणि तिथून सगळी गाडी चुकीच्या रस्त्याला लागली.

टर्बो गाडीत हा व्हॉल्व्ह साध्या गाडीपेक्षा किचकट का असतो तर त्याला दोन तोंडांनी काम करावं लागतं. आयडलला आणि हळू चालवताना मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या पाईपांत) व्हॅक्यूम असतं, तेव्हा चेंबरचा गॅस तिकडे ओढला जातो. टर्बोचं बूस्ट लागलं की त्याच मॅनिफोल्डमध्ये दाब येतो, तो दाब उलटा खाली चेंबरमध्ये शिरू नये म्हणून आतला चेक व्हॉल्व्ह बंद व्हायला लागतो, आणि गॅस दुसऱ्या वाटेने, मागच्या पाईपातून टर्बोच्या तोंडाशी जातो. (म्हणूनच टर्बोच्या आधीच्या पाईपात थोडं तेलकट असणं नॉर्मल आहे, त्यावरून टर्बो गेला म्हणणं म्हणजे कढई तेलकट दिसली म्हणून गॅस सिलिंडर बदलणं.) आणि आयडलला मॅनिफोल्डची ओढ फार जबरदस्त असते, ती सगळीच्या सगळी चेंबरवर येऊ नये म्हणून एक रबरी डायफ्राम आणि स्प्रिंग ती ओढ आवरून धरतो. या डायफ्रामच्या एका बाजूला बाहेरची हवा, त्यासाठी वरच्या गोल टोपीला बारीक भोक ठेवलेलं. डायफ्राम फाटला की त्याच भोकातून हवा आत खेचली जाते, शिट्टी तिथली. टीएसआयमध्ये हे सगळं, म्हणजे ऑईल वेगळं करणारा सेपरेटर, डायफ्राम, चेक व्हॉल्व्ह, एकाच काळ्या प्लास्टिकच्या डब्यात हेड कव्हरवर बसवलेलं आहे. त्यामुळे एक बिघडलं की अख्खा डबा बदला.

तर ज्या गॅरेजचा हा रिव्ह्यू आहे ते पिंपरी-चिंचवडच्या बाजूला आहे, दोन लिफ्ट, बाहेर बोर्ड सुद्धा धड दिसत नाही, फक्त स्कोडा-फोक्सवॅगन-ऑडी करतात. मालक तिशीतला पोरगा आहे. मी रिंगा-टर्बोची कथा सांगायला लागलो तर म्हणाला, "दादा, आधी गाडी काय म्हणते ते ऐकू, मग बाकीचे काय म्हणाले ते सांगा." मला तिथेच बरं वाटलं.

लॅपटॉप लावला आणि कोडकडे बघायच्या आधी फ्युएल ट्रिम (इंजिन पेट्रोल किती कमी-जास्त करतंय तो आकडा) उघडलं. आयडलला लाँग टर्म ट्रिम १८ टक्क्यांच्या पुढे प्लसमध्ये, म्हणजे इंजिन ओरडून सांगतंय की मोजलेल्या हवेपेक्षा जास्त हवा येतेय, मला पेट्रोल वाढवावं लागतंय. मग २५०० आरपीएमला धरलं तर तोच आकडा जवळपास नॉर्मलला. हे फार महत्त्वाचं आहे. हवा कुठूनतरी चोरून येत असेल तर आयडलला तिचा हिस्सा मोठा असतो, आरपीएम वाढले की इंजिन एवढी हवा घेतं की ती चोरीची हवा त्यात हरवून जाते. पंप किंवा इंजेक्टर कमी पडत असते तर उलटं झालं असतं, आकडा आरपीएमबरोबर वाढला असता. कोडमध्ये पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि पी०५०७, आयडल हवं त्यापेक्षा जास्त. दोन्ही त्याच गोष्टीकडे बोट दाखवणारे.

मग त्याने डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) अर्धी वर ओढली. शिट्टी बंद. परत बसवली, शिट्टी चालू. मला म्हणाला, आता तुम्ही इथे बोट ठेवा. व्हॉल्व्हच्या गोल टोपीच्या कडेला ते बारीक भोक, त्यावर बोटाचं टोक टेकवलं तर त्वचा आत ओढली गेली आणि आयडल एका सेकंदात खाली येऊन स्थिर झालं. बोट उचललं की परत सूं. बोटावर भोकाचा गोल शिक्का उमटला होता. इतका स्वस्त आणि इतका स्पष्ट पुरावा मी गाडीच्या बाबतीत आजवर पाहिलेला नाही. तुमच्याकडे टीएसआय असेल तर घरी पार्किंगमध्ये करून बघा, फक्त इंजिन गरम असतं, कॉईल आणि वायरी जवळ आहेत, बाही सांभाळा.

एवढं झाल्यावर दुसरा कोणी लगेच पार्ट मागवला असता. याने तरी स्मोक टेस्ट केली, आणि मी त्याला पाच स्टार देतोय ते याचसाठी. मशीनमधून पांढरा धूर हलक्या दाबाने इनटेकमध्ये सोडतात आणि टॉर्च घेऊन कुठून निघतो ते बघतात. टोपीच्या भोकातून धुराची बारीक रेघ आली हे अपेक्षितच होतं, पण टर्बोकडे जाणाऱ्या मागच्या ब्रीदर पाईपाच्या तोंडाशी सुद्धा धूर दिसला. तिथला सील कडक होऊन चपटा झालेला. नुसता व्हॉल्व्ह बदलला असता तर अर्धा प्रॉब्लेम तसाच राहिला असता आणि मी पार्टला शिव्या देत बसलो असतो. पेट्रोल टाकीच्या वाफेचा पर्ज व्हॉल्व्हही त्याने वेगळा करून तपासला, कारण तो उघडा अडकला तरी लक्षणं अशीच दिसतात. तो ठीक निघाला. शेवटी कम्प्रेशन टेस्ट, चारही सिलिंडर जवळपास सारखे. रिंगांची कथा तिथेच संपली.

आता पार्टबद्दल. नंबर ०६एच १०३ ४९५ ने सुरू होतो आणि शेवटची अक्षरं बदलत जातात, कारण हा पार्ट वेळोवेळी सुधारलेला आहे. आपल्या चॅसिस नंबरवरून सध्याचा लागू होणारा नंबर काढून घ्या, जुन्या पार्टवरची अक्षरं बघून तेच मागू नका. बाजारात चार प्रकार मिळतात असं म्हणा. एक, कंपनीच्या डब्यातला जेन्युइन. दोन, जर्मन आफ्टरमार्केट, जो क्वालिटीला जेन्युइनच्या तोडीचा असू शकतो आणि बराच स्वस्त पडतो. तीन, बिननावाचा ऑनलाईन माल, फोटो ओरिजिनलचा आणि हातात येतं भलतंच. आणि चार, नुसत्या डायफ्रामची किट, म्हणजे टोपी उचकटून आतलं रबर तेवढं बदलायचं.

किटबद्दल लोक मला नेहमी विचारतात कारण ती फारच स्वस्त दिसते. माझ्या एका मित्राने त्याच्या सुपर्बला लावली होती. टोपी प्लास्टिकच्या लॉकवर बसलेली असते, जुनं प्लास्टिक उचकटताना लॉकचा एक कान तुटला, मग सीलंट लावून दाबून बसवली, थोडे महिने चालली आणि एका दुपारी घाटात टोपी निघून बॉनेटखाली तेलाची रंगपंचमी. शिवाय किटमध्ये चेक व्हॉल्व्ह येत नाही, तो जुनाच राहतो, आणि बूस्टचा दाब अडवणारा तोच आहे. तो गळका झाला तर टर्बोचा दाब सरळ चेंबरमध्ये, मग डिपस्टिक वर ढकलली जाते, सीलमधून ऑईल, काय वाट्टेल ते. एवढ्या वर्षांच्या डब्यात अर्धंच नवीन घालण्यात मला राम दिसत नाही.

मी जर्मन आफ्टरमार्केट घेतला. पुण्यात नाना पेठेत विचारलं तर एकाने लोकल माल ओरिजिनल म्हणून दाखवला, डब्यावर होलोग्राम वगैरे सगळं, पण हातात घेतल्यावर सीलच्या रबराला कडेला साच्याची फ्लॅश (जादा रबर) तशीच लोंबत होती आणि प्लास्टिकवर बनवल्याच्या तारखेचा शिक्काच नव्हता. चांगल्या मालाच्या सीलची कड बोट फिरवलं तर एकसारखी लागते, कुठे खरखर नाही. हे बघायला काही तज्ज्ञ असावं लागत नाही. शेवटी गॅरेजवाल्यानेच मागवून दिला, त्याचं कमिशन त्यात असणार हे गृहीत आहे आणि माझी हरकत नाही, पार्टची जबाबदारी त्याच्यावर राहिली.

बसवणं सोपं आहे, खरंच. वरचं कव्हर ओढून काढायचं, मागचा पाईप सोडायचा, टी३० टॉर्क्सचे स्क्रू काढायचे आणि डबा उचलायचा. दोनच गोष्टींवर लक्ष ठेवा. एक म्हणजे स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये जातात, कोणी दणकट हाताने आवळले की आटे गेलेच म्हणून समजा, टॉर्क रेंच वापरतोय ना ते उभं राहून बघा. दुसरं, जुना डबा उचलल्यावर खाली जी जागा उघडी पडते तिथे कचरा पडू देऊ नका, तो थेट इंजिनात जातो. गॅरेजवाल्या पोराने आधी हवा मारून आजूबाजूची धूळ उडवली, मग डबा उचलल्या उचलल्या भोकांवर स्वच्छ फडकं टाकलं आणि मगच सीलची जागा पुसली. अशी सवय असलेला फिटर दिसला की त्याच्याकडे गाडी निर्धास्त सोडावी.

जुन्या डब्याची टोपी त्याने माझ्यासमोर उघडून दाखवली. डायफ्राम एका बाजूला चंद्रकोरीच्या आकारात फाटलेला, बाकीचं रबर ताणलं तर अजून लवचिक होतं, घडीच्या जागीच तेवढं विरलेलं. एवढ्याशा चिरेसाठी कोणीतरी माझं इंजिन खोलणार होतं.

बदलल्यावर आयडल ताबडतोब शांत, शिट्टी गेली, झाकण आता हलक्या ओढीने सहज उघडतं. अ‍ॅडॅप्टेशन (इंजिनाच्या कॉम्प्युटरने शिकून ठेवलेले आकडे) रीसेट केलं आणि थोडे दिवस चालवून परत बघितलं तर आयडलचं ट्रिम दोन-तीन टक्क्यांवर. ऑईल खाणं कमी झालं, पण शून्य नाही झालं, आणि हे स्पष्ट सांगायला पाहिजे. या इंजिनाच्या त्या पिढीत ऑईल रिंगांची तक्रार जगभर माहीत असलेली गोष्ट आहे. मॅन्युअलच १००० किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालवून घेतं. व्हॉल्व्ह बदलूनही त्याच्या आसपास किंवा वर ऑईल जात असेल तर मग रिंगांचा विचार करा. व्हॉल्व्हच्या आधी नाही. आणि शिट्टी नवीन व्हॉल्व्हनंतरही येत असेल तर गिअरबॉक्सच्या बाजूचं मागचं सील बघा, जास्तीच्या व्हॅक्यूमने त्याची कड आत ओढली जाऊन खराब होते, आणि ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून शिट्टी सुरू झाली की ढकलत राहू नका. स्वस्त पार्ट महागाच्या पार्टला घेऊन जातो.

ज्यांच्याकडे त्याहून जुनी ऑक्टाव्हिया १.८ टी आहे त्यांची कथा वेगळी. तिथे एक डबा नाही, इनटेकच्या खाली होज, टी, चेक व्हॉल्व्ह यांचं जाळंच आहे, आणि इतक्या वर्षांत ते रबर एकतर तेल पिऊन लिबलिबीत होतं नाहीतर हात लावला की तुकडा हातात येतो. एकेक होज बदलत बसाल तर दर महिन्याला पुढचा फुटेल. एकदाच सगळा सेट बदलून घ्या, तिथे तर स्मोक टेस्टशिवाय हातच लावू नका, निम्मी होज डोळ्याला दिसत नाहीत.

कॅच कॅनबद्दल (ही तेलाची वाफ अडवून साठवणारा वेगळा डबा) पण विचारणार म्हणून सांगतो. टीएसआय डायरेक्ट इंजेक्शन आहे, पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडत नाही, त्यामुळे ही तेलाची वाफ तिथे कार्बन बनून चिकटते हे खरं. पण फाटलेला डायफ्राम तसाच ठेवून कॅन लावणारे बघितले की डोकं फिरतं. आधी मूळ सिस्टिम धड करा. रीमॅप करून (कॉम्प्युटरमधून ताकद वाढवून) रोज दाबून चालवणारे असाल, कॅन वेळेवर रिकामा करणार असाल, तर लावा बापडे. पाईप सरळ हवेत सोडणारे जे कॅन आहेत ते तर नकोच, केबिनमध्ये तेलाचा वास येतो आणि ईसीयूची (इंजिनाच्या कॉम्प्युटरची) सगळी हिशेबाची घडी मोडते. माझी गाडी स्टॉक आहे, मी लावलेला नाही.

गॅरेजबद्दल तक्रारी आहेतच. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर दुसऱ्या दिवशी, शनिवारची अपॉइंटमेंट म्हणजे गाडी सोमवारी मिळेल असं धरून चाला. बसायला एक मोडकी खुर्ची. टेस्टचे पैसे वेगळे लावतात, काम तिथेच केलं तरी वजा करत नाहीत, यावर माझ्यासमोर एकाने वाद घातला होता. मला ते बरोबर वाटतं, उलट टेस्ट फुकट करणाऱ्याची वसुली पार्टमधून होते. जुना पार्ट न मागता डिकीत ठेवून दिला होता आणि बिलावर पार्ट नंबर पूर्ण अक्षरांसकट लिहिलेला होता. पार्टचा एक स्टार कापलाय तो फक्त यासाठी की मागच्या पाईपाचं सील त्याच्याबरोबर येत नाही, वेगळं मागवावं लागतं. मागवताना दोन्ही एकदम सांगा, नाहीतर गाडी उघडून ठेवून एका रबरी रिंगसाठी कुरिअरची वाट बघत बसाल.